बिनपडद्याचं

पडदे मीच उपटले. एकवीस.
उद्यमनगरात, तुकाराम मेस्त्रीच्या लेथशेजारी,
पक्कडीनं, दातांच्या डॉक्टरागत एकेक.
मेस्त्री म्हणाला, चांगल्या गिटारचं वाटोळं का करतोस लेका?
मग त्यानंच खाचांत शिसवीचा भुगा भरला, वर अ‍ॅरल्डाइट,
आणि मिरजेहून कामाला आलेल्या शिकलगार चाचांनी
सतारीच्या दांडीवरून फिरवावा तसा अंगठा फिरवला.
आता चुकशील तेव्हा अडवायला कुणी न्हाई, एवढंच बोलले.
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, दोनदा.
पडदे अजून मेस्त्रीच्या डब्यात आहेत, नटबोल्टांत.
परत बसवायचे का, दर दिवाळीला विचारतो.

सहा महिने सगळं बेसूर.
रंकाळ्याकडच्या खोलीत रात्री घासत बसायचो,
खालच्या चौगुले वहिनी सकाळी जिन्यात थांबवून विचारायच्या,
कुणाची म्हैस आजारी आहे का हो?

मग ऑर्केस्ट्रा. जत्रा, गणपती, नगरसेवकाचा वाढदिवस.
कडेला व्हाइटनरचे ठिपके दिलेत, सूर सापडायला,
पण लाइटवाला तांबडा दिवा मारतो आणि ठिपके गायब,
मग बोट जिथं जाईल ते घर आपलं.
रविवारी सकाळी चर्चमध्ये, सॅमसन घाटगेच्या ऑर्गनमागं,
डोळ्यांत शनिवारचा धूर.
आणि त्याच रात्री शाहूपुरीत कुणाच्या तरी पन्नाशीला जॅझ,
म्हणजे दिलावर मुजावर ज्याला जॅझ म्हणतो ते:
ड्रमवर ब्रश, अन् कुठलंही गाणं अर्ध्या वेगानं.

भजनी मंडळात बुवांनी आधीच बजावलं,
पखवाजाचा धुम चोरायचा नाही.
नाही चोरला.
त्याच्या मागं जागा होती, पायरीएवढी.
तिथं बसलो.

गडहिंग्लजला अ‍ॅम्प जळला, ऐन रंगात.
गाणं चालूच होतं, ढोल चालू, कीबोर्ड चालू,
आणि नाचणारी पोरं हळूहळू उभी राहिली,
एकमेकांकडे बघत,
खालची फरशी कुणी नेली ते कळेना.

एवढ्या सगळ्यात मला आठवते ती मालन आवळे.
लक्ष्मीपुरीतला हॉल, सत्कार, नारळ, शाल,
अडुसष्ट वर्षं, अन् कुणीतरी म्हणालं, एक लावणी होऊन जाऊ दे.
उठली. पदर खोचला. घुंगरू नव्हते, चप्पल काढली.
पहिल्या ओळीला आवाज आला तसाच जुना, धारेचा,
दुसऱ्या ओळीला उतरला.
थोडाच. काळी चारच्या खाली, पांढरी पाचच्या वर,
जिथं सुशांतच्या कीबोर्डला पट्टीच नाही.
सुशांत जोरात वाजवायला लागला, तिला वर ओढायला.
ती ऐकेना. म्हातारी माणसं ऐकत नाहीत.
पुढच्या रांगेत दोघं हसले.

मी बोट उचललं नाही. मागं लोळवलं.
तांदळाच्या दाण्याएवढं.
तिथं ती होती.
तार थरथरली आणि थरथर थांबली,
जसं दार चौकटीत बसतं.
सुशांतनं माझ्याकडं बघितलं, हात पट्ट्यांवरनं काढून मांडीवर ठेवले.
दिलावर नुसत्या नखांनी ढोलकी राखत होता.
ती अजून उतरली, मी उतरलो.
ती चढली एका ताणेत, मी मागनं,
जिना अंधारात चढावा तसा, पायरी न मोजता.
तीन मिनिटं मालनबाई सुरात होती,
बाकी सगळं कोल्हापूर जरा चढं होतं.

टाळ्या झाल्या. हसणारे दोघंही वाजवत होते.

मागं वायरी गुंडाळताना ती आली, शाल तशीच खांद्यावर,
माझ्या दांड्याकडं बघितलं, गुळगुळीत, कोरा,
आणि हळूच, चारचौघांत नको म्हणून, कानाशी म्हणाली,
पोरा, तुझं वाद्य उतरलंय थोडं. लावून घे.

व्हय आई, म्हणालो,
आणि खुंटी पिरगळल्यासारखं केलं.